आधी खूण, मग कृती

(चितेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)



विषय कळवताना मी 'ॲरे प्रोग्रॅमिंगमधील सशर्त क्रिया' असे लिहून पाठवले होते. पत्रिका वाचून एका मित्राने फोन केला आणि विचारले, "हे 'अरे' प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? संगणकावर ओरडायचे असते का?" मी म्हणालो, ओरडायचे नसतेच, पण हाक एकदाच मारायची असते आणि ती सगळ्या रांगेला ऐकू जायला हवी. ॲरे म्हणजे रांग, किंवा ओळी-रकान्यांचे कोष्टक. रांगेतल्या एकेकाला बोलावून काम सांगायचे, ही प्रोग्रॅमिंगची एक पद्धत. अख्ख्या रांगेला एका दमात सांगायचे, ही दुसरी. आजचा प्रश्न दुसरीतला आहे. हुकूम एकच, पण रांगेतल्या काहींनी एक काम करायचे, काहींनी दुसरे आणि काहींनी नुसते उभे राहायचे, हे सांगायचे कसे?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गणित शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर मी काम केले आहे. ही मंडळी गणित सोडवण्याआधी समासात पेन्सिलीने बारीक खुणा करायची. आज मला जे सांगायचे आहे, ते त्या समासातच आहे.

सत्तावीस दरवाजे

पावसाळ्यात जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय भरला की पैठण तालुक्यात सगळ्यांचे कान एकाच बातमीकडे लागतात: किती दरवाजे उघडले? जायकवाडीला २७ दरवाजे आहेत, त्यांतले ९ आपत्कालीन. समजा, आज बातमी आली की १८ दरवाजे अर्ध्या फुटाने वर घेतले. ही बातमी कागदावर मांडा. २७ चौकटींची एक ओळ काढा. जो दरवाजा उचलायचा त्याच्या चौकटीत १, उरलेल्यांत ०. आता या ओळीला अर्ध्याने गुणा आणि दरवाजांच्या आजच्या उंचीत मिळवा. ज्यांच्याखाली १ आहे ते अर्धा फूट वर गेले, ज्यांच्याखाली ० आहे ते जिथल्या तिथे राहिले. "हा दरवाजा उचलू का?" हे सत्तावीस वेळा विचारावे लागले नाही.

एक आणि शून्यांच्या या ओळीला प्रोग्रॅमर 'मास्क' म्हणतात. मी तिला खुणांची ओळ म्हणेन. तिच्यामुळे कोणाचे काय करायचे हा निर्णय आणि प्रत्यक्ष करणे, या दोन गोष्टी वेगळ्या होतात. शिवाय निर्णय कोणाच्या डोक्यात न राहता कागदावर येतो.

एका खिशातल्या डायरीची गोष्ट

निर्णय कागदावर नसला की काय होते, हे मी इथल्याच पैठण रस्त्यावर शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यासाठी पगाराचा प्रोग्रॅम लिहिला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे दिवसाला ९ तासांच्या वर किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झाले, की जादा तासांना तेव्हा दुप्पट दर मिळायचा. त्याशिवाय रात्रपाळीचा भत्ता वेगळा. मी नेहमीच्या पद्धतीने लिहिले: रात्रपाळी असेल तर असे कर, नाहीतर जादा तास असतील तर तसे कर, नाहीतर साधा हिशेब कर. संगणक पहिल्या 'तर'मध्ये शिरला की पुढच्या 'नाहीतर'कडे ढुंकूनही बघत नाही. रात्रपाळीत जादा तास भरलेल्यांना भत्ता मिळाला, दुप्पट दर मिळाला नाही.

तीन महिने ही चूक कोणाला दिसली नाही, मलाही नाही. मग एक कामगार खिशातली छोटी डायरी घेऊन आला. त्याने महिन्याच्या तारखा आडव्या लिहिल्या होत्या. त्यांच्याखाली दोन ओळी होत्या. एका ओळीत रात्रपाळीच्या दिवसांखाली टिंबे, दुसरीत जादा तासांच्या दिवसांखाली फुल्या. तो म्हणाला, "साहेब, जिथं टिंब आणि फुली दोन्ही हायेत, तिथंच पैसे कमी येतात." माझ्या दोनशे ओळींच्या प्रोग्रॅमला जे सांगता येत नव्हते, ते त्याने दोन ओळींत दाखवले. तेव्हा मला कळले नाही, पण तो माणूस ॲरे प्रोग्रॅमिंग करत होता.

शेतावरून आलेला माणूस

या पद्धतीची भाषा घडवणारे केनेथ आयव्हर्सन १९२० साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जन्मले. मंदीचे दिवस आणि घरची शेती. नववीनंतर शाळा सुटली आणि ते शेतावर राबू लागले. पुढे पत्रव्यवहाराने शिकले, महायुद्धानंतर विद्यापीठात गेले आणि १९५४ साली हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. तिथे शिकवताना त्यांना जाणवले की गणिताची प्रचलित चिन्हे गणनेचे टप्पे सांगायला अपुरी पडतात. म्हणून त्यांनी फळ्यासाठी स्वतःची चिन्हे तयार केली. १९६२ साली त्यांचे 'ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आले. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून भाषेचे नाव पडले 'एपीएल'. आयबीएममध्ये ॲडिन फाल्कॉफ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ती संगणकावर उतरवली. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणाचा विषय होता विचाराचे साधन म्हणून चिन्हलेखन. फळ्यासाठी काढलेली चिन्हे यंत्राला समजली, हे या भाषेचे वेगळेपण.

आयव्हर्सन यांच्या चिन्हलेखनातली एक गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. 'पाच तीनपेक्षा मोठा आहे का?' या प्रश्नाचे उत्तर तिथे 'होय' असे येत नाही, १ असे येते. खोट्याचे उत्तर ०. आणि हे १ व ० साध्या अंकांसारखेच बेरीज-गुणाकारात वापरता येतात. गणितात हा संकेत आता आयव्हर्सन यांच्याच नावाने ओळखला जातो. डोनाल्ड नूथ यांनी १९९२ साली त्याच्यावर लेख लिहून तो गणितज्ञांमध्ये रूढ केला. खरेखोटे हिशेबात मिसळले, की 'तर' आणि 'नाहीतर' यांची जागा गुणाकार घेऊ शकतो.

आपल्या कामगारांचे तास घ्या: ८, ११, ९, १२. 'नऊपेक्षा जास्त?' असे अख्ख्या रांगेला एकदाच विचारले की उत्तर येते: ०, १, ०, १. साधा नियम सांगतो, जितके तास तितका पगार: ८, ११, ९, १२. जादाचा नियम सांगतो, तासांची दुप्पट करून नऊ वजा करा: ७, १३, ९, १५. आता जादाच्या ओळीला खुणांनी गुणा, साध्या ओळीला उलट्या खुणांनी गुणा आणि दोन्ही मिळवा. उत्तर आले ८, १३, ९, १५. 'जर' हा शब्द कुठेही आला नाही.

शून्याने सगळे पुसले जात नाही

इथे एक खोच आहे. वरच्या हिशेबात आठ तासवाल्यालाही जादाचा नियम लावला गेला आणि ७ हे निरर्थक उत्तर निघाले. पुढे ते शून्याने गुणून आपण पुसले. म्हणजे या पद्धतीत सगळी कामे सगळ्यांवर होतात आणि नको ती मागाहून टाकली जातात. वेळ वाया जातो, पण तेवढे चालून जाते. टाकण्याजोगे उत्तरच निघाले नाही तर?

समजा, ताशी किती नग तयार झाले ते काढायचे आहे. नग भागिले तास. एकाच्या नावावर नग आहेत, पण तासांची नोंद राहून गेली, म्हणून तास शून्य. अशी शून्य नसलेली संख्या शून्याने भागायला गेलात की एपीएल तिथेच थांबते. दुसरीकडे १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे चालणारी यंत्रे उत्तर 'अनंत' देतात. मग आपण म्हणतो, काही हरकत नाही, खूण शून्य आहे, गुणाकाराने पुसून टाकू. पण त्याच मानकात अनंत गुणिले शून्य म्हणजे शून्य नव्हे. त्याचे उत्तर आहे 'ही संख्याच नाही'. आणि हे 'संख्याच नाही' पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरते. दुधात मिठाचा खडा पडावा तसे.

म्हणून दुसरी वाट: निवडा, करा, जागच्या जागी ठेवा. एपीएलमध्ये एका तिरक्या रेघेने खुणांची ओळ मूळ रांगेला लावली, की १ असलेले तेवढेच बाहेर येतात. त्यांच्यावरच काम करायचे आणि निकाल पुन्हा त्यांच्या मूळ जागी बसवायचा. बाकीच्यांना हातही लागत नाही. ऐकायला सोपे, पण शेवटची पायरी अवघड. दहा पोती उघडून तीन निवडली, साफ केली. ती परत ठेवताना कोणते कुठले होते हे लक्षात ठेवावे लागते. त्यामुळे 'परत जागेवर' हीच पायरी सोपी करायला नंतरच्या भाषांनी आपापली चिन्हे काढली. आर्थर व्हिटनी यांची 'के', मार्शल लॉकबॉम यांची 'बीक्यूएन' आणि एपीएलच्या नव्या आवृत्त्या, तिन्हींकडे त्यासाठी स्वतंत्र सोय आहे.

क्रियापदाचे नाम

१९९० साली आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी 'जे' ही भाषा केली. तिची परिभाषा वाचून मला शाळेतल्या मराठी व्याकरणाचा तास आठवला. फंक्शनला तिथे क्रियापद म्हणतात, आकड्यांना नाम. नामे आणि क्रियापदे जोडणाऱ्यांसाठीही व्याकरणातलीच नावे. त्यात एक सुंदर सोय आहे: अनेक क्रियापदे एका दोऱ्यात ओवून त्यांचे नाम करता येते. आपण 'पोहतो' या क्रियापदाचे 'पोहणे' करतो. मग पोहणे शिकता येते, पोहणे विसरता येते, पोहणे आणि धावणे यांची यादी करता येते. व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात.

क्रियांची यादी झाली की खुणांमध्ये ० आणि १ यांच्यापुरतेच थांबायचे कारण नाही. ०, १, २, ३ असे अनुक्रमांक लिहा: शून्य म्हणजे यादीतली पहिली क्रिया, एक म्हणजे दुसरी. प्रत्येक घटक आपल्या खुणेप्रमाणे आपली क्रिया उचलेल. मात्र हे घटकागणिक करायचे तर यंत्राला पुन्हा एकेकाला बोलवावे लागते आणि ॲरेचा वेग जातो. जिथे रांग लहान आणि नियम पुष्कळ तिथे ही पद्धत बरी. रांग लाखाची असेल तर एकाच खुणेचे सगळे घटक एकत्र करून कामाला लावणे बरे.

आणखी एक छोटी युक्ती याच भाषेत आहे. 'ही क्रिया इतक्या वेळा कर' असे सांगता येते. एकदा म्हणजे कर. शून्य वेळा म्हणजे आहे तसे राहू दे. आपले नऊ आपत्कालीन दरवाजे शून्य वेळा उचलले गेले, असे म्हणा. 'नाहीतर'ची इतकी सभ्य बोळवण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

घाटापलीकडचे पाटण

कामे नावांनी लिहून ठेवायची आणि मागाहून करायची, ही कल्पना आपल्याला नवी वाटू नये. इथून कन्नडला जा, औट्रम घाट उतरा, चाळीसगावजवळ पाटणला पोचाल. भास्कराचार्यांचे नाव त्या परिसराशी जोडलेले आहे. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा त्यांचा जन्म. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच भाग.

लीलावतीत एक दाता आहे. पहिल्या दिवशी तो दोन कवड्या दान करतो आणि पुढे रोज दुप्पट. महिन्यात किती? त्यासाठी दोनाचा तिसावा घात हवा. एकोणतीस वेळा दुप्पट करत बसायचे नसेल तर भास्कराचार्यांची रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. तीस सम: वर्ग, उरले १५. विषम: गुण, उरले १४. असे शून्यापर्यंत. कागदावर उभे राहतात आठ शब्द: वर्ग, गुण, वर्ग, गुण, वर्ग, गुण, वर्ग, गुण. अजून गुणाकार एकही झालेला नाही, फक्त निर्णय लिहिले गेले. आता शेवटाकडून उलटे या. एकापासून सुरुवात करा, 'गुण' आले की दोनाने गुणा, 'वर्ग' आले की वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत तिसावा घात. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. संगणकवाल्यांनी हा आकडा जरा नीट पाहावा. ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून फक्त एकाने जास्त आहे. दात्याने महिनाअखेर आणखी दोन कवड्या दिल्या असत्या तर यंत्राचा हिशेब कोलमडला असता.

रीत भास्कराचार्यांहूनही जुनी. त्यांच्या कित्येक शतके आधी पिंगलाने छंदशास्त्रात, लघु-गुरूंचे किती प्रस्तार होतात ते मोजताना, हीच रीत सांगितली. शब्दांऐवजी त्याच्या खुणा होत्या दोन आणि शून्य. अर्थात इथे एकाच संख्येवर एकामागून एक क्रिया होतात. ॲरेत प्रत्येक घटकाची क्रिया आपापली. पण दोन्हीकडे आधी खुणांची ओळ लिहून होते, मग हात चालतो.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला. १२०७ सालचा तिथला शिलालेख ते सांगतो आणि त्यातला देणग्यांचा तपशील जुन्या मराठीत आहे. संयोजकांनी लक्षात घ्यावे: आपल्या मुलखातली स्मृती व्याख्यानमाला आठशे वर्षांपूर्वीच सुरू झाली आणि तिचा जमाखर्चही मराठीत होता.

ताणा

पैठण इथून जवळच. तिथला माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की पैठणीच्या पदरावर मोर विणताना एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. ताण्याचे धागे सगळ्यांना सामाईक, पण आडव्या ओळीत प्रत्येक रंगाची कांडी आपल्याच हद्दीत फिरते आणि हद्दीवर शेजारच्या धाग्यात अडकून परत वळते. निवडा, करा, जागेवर ठेवा, आणि सांधा असा पक्का करा की पैठणी उलटीकडूनही तशीच दिसेल.

एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिपमध्ये ३२ धाग्यांचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा, गट एकाच हुकुमावर चालतो. कंपनीने त्या गटाला नाव दिले 'वॉर्प', म्हणजे ताणा. शब्द विणकामातूनच उचलला, असे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले आहे. त्या ३२ पैकी काही धाग्यांनी एक काम आणि काहींनी दुसरे करायचे ठरवले, की चिप आधी पहिले काम करते, तोवर दुसरे धागे थांबून राहतात. मग उलट. खुणांची ओळ तिथे प्रत्यक्ष तारेत उतरली आहे.

खुणांची बेरीज

शेवटी शेताकडे वळतो. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत. जिरायतीला, बागायतीला, बहुवार्षिक पिकांना दर वेगवेगळे. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत हेक्टरी ८,५००, १७,००० आणि २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. तीन शेते धरा. दीड हेक्टर जिरायत, नुकसान ४०. दोन हेक्टर जिरायत, नुकसान ३२. तीन हेक्टर बागायत, नुकसान ७५. खुणा: १, ०, १. मदत: १२,७५०, ०, ३४,०००. २०१५ पर्यंत ३३ च्या जागी ५० होते. तेव्हाच्या खुणा मांडल्या तर ०, ०, १. दराची क्रिया तीच धरली, तर खुणांची ओळ तेवढी बदलते, आणि कोणाच्या घरात काय बदलले ते एका नजरेत दिसते.

अशा याद्या करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक नियमाची खुणांची ओळ एकाखाली एक लिहा आणि उभी बेरीज करा. जिथे एकच नियम लागू व्हायचा तिथे प्रत्येक बेरीज १ यायला हवी. कुठे ० आले तर तो माणूस कोणत्याच नियमात बसलेला नाही. कुठे २ आले तर दोन नियम त्याच्यावर हक्क सांगत आहेत आणि कोणता आधी हे तुम्हाला ठरवावे लागेल. माझ्या पगाराच्या प्रोग्रॅममध्ये ही बेरीज कधी केलीच नव्हती. डायरीतल्या टिंब आणि फुलीची बेरीज दोन होती.

मधल्या शेताला मात्र ही रीत न्याय देत नाही. ३२ टक्क्यांच्या त्या शेतकऱ्याला आपण शून्याने गुणले. कोणत्याही मर्यादेला कडा असते आणि कडेच्या अलीकडे कोणीतरी राहतोच. पण ते शून्य आता त्याच्या नावाखाली लिहिलेले आहे. ते कोणाच्या 'नाहीतर'मध्ये दडलेले नाही. त्यावर बोट ठेवून तो चावडीवर विचारू शकतो, हे कोणी लिहिले आणि पंचनाम्याला कोण आले होते. त्या कामगारानेही एवढेच केले होते.